दोराले तेल लावत नसतात

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे नखं आणि डोळे.

रविवार होता. चर्चमधून आलो, जेवलो, अंगणात उन्हाला बसलो. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून माझ्या पायाची नखं शांता कापायची. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. औषधाचा थेंब तिला स्वतःच्या हाताने टाकता येत नसे, तो मी टाकायचो.

"हालू नका, नाही त अंगठा कापीन."

"काप. तसाबी काय कामाचा हाय?"

शांता म्हणाली, "मंग उद्यापासून व्यायामशाळेत दोर बांधाले मीच जातो."

नखं झाली, मग डोळे. मी म्हटलं, डोळा उघडा ठेव. ती म्हणे, उघडाच हाय. मी म्हटलं, याले उघडा म्हणतेत? दुकानाचं शटर असं अर्ध्यावर असलं की गिऱ्हाईक परत जाते. तिला हसू आलं आणि थेंब गालावर गेला. दुसरा टाकला, तो बरोबर पडला.

सोमवारी दुपारी जेवून लवंडली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी म्हटलं, तिचं तर तेच चांगलं होतं.

या दिवाळी अंकाचे लोक घरी आले तेव्हा म्हणाले, काकाजी, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. म्हटलं, लिहितो, शुद्धलेखन तुम्ही पाहा, पण माझं बोलणं धुऊन वाळत घालू नका. कामाबद्दल लिहायला बसलो तर प्रत्येक ठिकाणी शांताच येते. आता आली तर आली.

माझं काम दोर वळायचं. आमचं घर मूळचं वलगावचं. पणज्याच्या काळात घर ख्रिस्ती झालं, पण धंदा तोच राहिला: बैलांचे कासरे, दावी, विहिरीचे नाडे. अंबाडीचे दांडे भिजवायचे, सडवायचे, सोलून वाक म्हणजे सालीचा धागा काढायचा आणि पीळ द्यायचा. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला कासरा लागत नाही. मग मी अमरावतीत एका व्यायामशाळेत लागलो. तिथे दौलत वस्ताद मल्लखांब शिकवायचे. त्यांना दोरवाला पाहिजे होता. मला पोट होतं.

मल्लखांब ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. एक असतो जमिनीत पुरलेला लाकडी खांब, त्याच्यावर पोरं कसरत करतात. दुसरा दोराचा, तो खास पोरींचा. छताच्या आकड्याला सुती दोर टांगायचा. पोरगी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरते आणि वर जाते. वर गेल्यावर अंगाभोवती दोराचे वेढे घेते. गाठ कुठेच मारायची नाही, सगळं पकडीवर. आणि मग हात सोडून अशी बसते, जशी घरच्या ओट्यावर भाजी निवडून राहिली.

अंबाडीचा दोर बैलाला चालतो, पोरीच्या कातडीला नाही. म्हणून सूत. नवा दोर कडक असतो, त्याला महिना-दोन महिने मी नुसता खांबाभोवती ओढून ओढून नरम करायचो. साबण लावायचा नाही. कडक उन्हात टाकायचा नाही. आणि रोज सकाळी डोळे मिटून तळहातातून पूर्ण दोर काढायचा. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला लागतं.

खांबाला एरंडेल लावतात, नाहीतर अंगाचं सालटं निघतं. दोराला तेल लावत नसतात. तेल लागलं की अंगठ्याची पकड गेली. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

गिऱ्हाईक एकेक नमुने भेटले. एकदा वलगावचे माझ्या ओळखीचे एक पाटील आले. पोळ्याला बैलाच्या मानेला रुतू नये म्हणून त्यांना आमचा वापरलेला नरम दोर पाहिजे होता. दिला. चौथ्या दिवशी परत.

"शिमोन, तुया दोरानं बैल येडा झाला. कासरा अर्धा खाऊन टाकला त्यानं."

मी म्हटलं, "पाटील, त्याच्यात पोरींचा घाम हाय. घामात मीठ. बैलाले चाटण भेटली."

"मंग पैले सांगाले तुयं काय जात होतं?"

"तुमी माया दोर नेतो म्हनले. बैलाले खाऊ घालतो म्हनले असते त सांगतलं असतं."

दुसरे एक मोठे साहेब. कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले, बूट-मोजे काढले आणि म्हणाले, दोर अंगठ्यात धरलेला माझा एक फोटो काढा. धरला. फोटो निघाला. पण पायात गोळा आला, अंगठा सुटेना. दोन पोरींनी साहेबांना धरलं आणि वस्तादांनी अंगठा सोडवला. नंतर भाषणात साहेब म्हणाले, हा खेळ अवघड आहे. तेवढं एक वाक्य त्यांचं खरं होतं.

आता एस्तेरचं सांगतो.

एस्तेर पातूरची. बाप एका शाळेवर चौकीदार. शिकायला तिला अमरावतीला चर्चच्या वसतिगृहात ठेवलेलं. रविवारी जेवायला आमच्याकडे यायची, कारण वसतिगृहातल्या वरणाला ती नळाचं पाणी म्हणायची. शांता तिला पोळीवर पोळी वाढायची. एक दिवस माझ्या मागे मागे व्यायामशाळेत आली, दोर पाहिला आणि चढली. कोणी शिकवलं नव्हतं. वस्ताद म्हणाले, "ही पोरगी हाय का खारुताई?"

आमच्याकडे पद्धत अशी. भिंतीवर मारुतीचा फोटो. सराव सुरू करताना सगळे बजरंगबलीचं नाव घेतात आणि खांबाला नाहीतर दोराला हात लावून तो कपाळाला लावतात. एस्तेरने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "वस्ताद, मी ख्रिश्चन हाय. मी काय करू?"

वस्ताद म्हणाले, "हात लावून दोर पाह. वर मान करून आकडा पाह. मंग तुया देवाचं नाव घे. पन न पाहता चढली त थोबाडीत देईन."

झालं. एवढ्यावर सात वर्षं निघाली, कोणाला काही वाटलं नाही. पोरगी बक्षिसं आणू लागली आणि नाकही थोडं वर गेलं. दुसरी कोणी चढली की ही तिकडे पाहायची नाही. रविवारी जेवताना बोलायची ती आपलंच. शांता मला म्हणायची, "दोरावर चांगली चढते, जमिनीवर चालता येत नाही अजून."

मागच्याच्या मागच्या दसऱ्याला व्यायामशाळेत नेहमीसारखी साधनांची पूजा झाली. मी त्या दिवशी पातूरला साळ्याच्या घरी होतो. वस्तादांना तेव्हाच डोळ्याने कमी दिसू लागलं होतं, पण पूजा ते कोणाला करू देत नसत. खांबाला हळद, कुंकू, फूल, तेल. मग दोरापाशी आले. आयुष्यभर ज्याने पोरींना सांभाळलं त्या दोराला प्रेमाने हात फिरवला, खालून वर, हात पोचेल तिथपर्यंत. हाताला एरंडेल तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तेर आली. तिने दोराला हात लावला. ओलं लागलं. तिला वाटलं पूजेचं पाणी असेल. वर गेली ती मनगटाच्या जोरावर, पण खालचं तेल पायाला लागलं आणि पायाने वरचा दोरही चोपडा झाला. वर जाऊन हात सोडला आणि अंगठा सुटला. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले.

मी पातूरहून आलो तर दोन तऱ्हेच्या गोष्टी तयार होत्या. व्यायामशाळेत कोणी कोणी म्हणत होते, पोरीने दसऱ्याच्या पूजेला हात जोडले नाहीत, म्हणून पडली. आणि तिकडे तिचा बाप वसतिगृहात येऊन बसलेला, "मूर्तीपुढं खेळाले गेली, म्हणून देवानं हात उचलला. मी पोरीले घेऊन चाललो."

मी दोर हातात घेतला, वास घेतला आणि वस्तादांपुढे धरला. त्यांनी वास घेतला. मग स्वतःची बोटं हुंगली. दसऱ्याला दोन दिवस झाले होते, पण एरंडेल इतक्या लवकर जात नाही. ते खांबाच्या चौथऱ्यावर बसले.

एस्तेरला आम्ही वसतिगृहातून आमच्या घरी आणलं होतं. संध्याकाळी वस्ताद आले, तेव्हा तिचा बापही तिथेच. वस्ताद दारातच उभे राहिले.

"पोरी, तेल मीच लावलं. मारुतीनं नाही, तुया देवानं बी नाही. या आंधळ्यानं."

एस्तेर भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळली नाही. वस्ताद दारातूनच परत गेले. शांताने चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

मग पोरगी रडली. म्हणाली, "मावशी, इकडचे म्हणतेत देवानं पाडलं, तिकडचे बी म्हणतेत देवानं पाडलं. मंग मी प्रार्थना करू त कोनाले करू? जो पाडते त्याले?"

शांता पोळ्या लाटून राहिली होती. लाटणं थांबवलं नाही. "देव काय पोरी पाडाले बसला हाय का वर? त्याले कामं नाहीत? पाडलं तेलानं. उचलणं त्याचं काम हाय, ते त्याले करू दे."

बापाला म्हणाली, "आन तुमी, भाऊ. पोरीचा हात मोडला त पैले हात पाहा. देवाचा हिशोब मागून पाहू." बाप चौकीदार माणूस, त्याला हुकूम कळतो. पोरीला परीक्षेपर्यंत ठेवून तो पातूरला गेला. परीक्षा झाली, तरी न्यायचं त्याने नाव काढलं नाही.

मी कसा ख्रिस्ती आहे ते सांगून टाकतो. मागच्या बाकावरचा, पंख्याखालचा. उपासना लांबली की माझा डोळा लागतो. मोठ्याने प्रार्थना मी जन्मात केली नाही. शांता पुढच्या बाकावर. ती म्हणायची, बरं हाय, तुमी त्याले काही सांगत नाही, तो तुमाले काही विचारत नाही. तिच्या शेजारी जाऊन बसलो असतो तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं. तिथे पंखा नव्हता, एवढंच.

हात प्लास्टरमध्ये असताना एस्तेर शांताबरोबर राहिली. शांता तिला घेऊन आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जायची, म्हाताऱ्या बायांच्या डोक्याला तेल लावायची, त्यांची रडगाणी ऐकायची. एस्तेरला एका हाताने काही काम जमत नसे, म्हणून ऐकायचं काम तिच्याकडे. जी पोरगी कोणाचं ऐकत नव्हती ती तासन् तास ऐकू लागली. चर्चमध्ये आधी ती टाळ्या वाजवायला यायची. आता डोळे मिटून गप्प बसायची. मी मागून पाहायचो. जागा असलो तर.

एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मावशी, मी वस्तादाले माफ केलं."

"त्याइले सांगतलं?"

"नाही."

"मंग काय कामाचं? ते त्याइले सांगाचं असते, मले नाही."

दुसऱ्या दिवशी ती व्यायामशाळेत गेली आणि वस्तादांना म्हणाली, "वस्ताद, मले पयल्यापासून शिकवसाल का?" वस्ताद म्हणाले, "मले दिसत नाही वं." ही म्हणाली, "मले दिसते ना. तुमी सांगजा."

त्या दिवसापासून दोर मी व्यायामशाळेत ठेवला नाही. सराव झाला की सोडायचा, गुंडाळायचा आणि घरी लोखंडी पेटीत.

पण भीती काही पेटीत ठेवता येत नाही. एस्तेर हात पोचेल तिथपर्यंत जायची आणि लाकडासारखी व्हायची. एकदा शांता मला डबा द्यायला आली होती, ती सहज दोराखाली उभी राहिली, तर पोरगी वर गेली. मग रोजचंच झालं. मावशी खाली उभी राहून प्रार्थना करेल, तर ही चढेल. नाहीतर नाही.

शांताला ते आवडत नसे. घरी चिडायची, "मी काय तिचा आकडा हाय का?" एस्तेरला तोंडावर म्हणाली, "माया भरोशावर चढशील त माया अंगावरच पडशील. दोघी मोडू. वर गेल्यावर मांगू नको काही. पाडू नको, वाचव, नंबर दे, असं मांगत रायलं की हात थरथरते. आभार मान. आभार मानणाऱ्याचा हात मोकळा रायते."

एस्तेरने ते करून पाहिलं. आठ-पंधरा दिवसांनी सांगू लागली, "काकाजी, पैले मी लोकाइनं पाहावं म्हणून चढो. आता वर गेलो ना, त वाटते त्यानं मले याच्यासाठीच केलं. पाय दिले, बोटं दिली. ते नाही वापरले त त्याचं देणं पेटीत ठेवल्यासारखं." दुसऱ्या पोरी चढल्या की आता ती खाली बसून त्यांचे अंगठे पाहायची आणि पकड सांगायची. वस्तादांचे डोळेच झाली ती. दोरावरही पहिल्यापेक्षा चांगली दिसू लागली, घाई गेली. फक्त एक राहिलं होतं. मावशी खाली पाहिजे.

यंदा थंडी सरता सरता अकोल्याला स्पर्धा होती, बुधवारी. पडल्यानंतरची तिची पहिली. शांता सोबत जाणार होती, नवं लुगडं काढून ठेवलेलं. आणि सोमवारी ती गेली.

मंगळवारी मातीत ठेवलं. दौलत वस्ताद काठी टेकत कब्रस्तानात आले, मूठभर माती चाचपून टाकली आणि मला म्हणाले, "तुयाहून चांगली होती." मी म्हटलं, ते सगळ्याइले मालूम हाय. चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली. घरी लोक बसले, उठले. एस्तेर कोपऱ्यात.

सगळे गेल्यावर म्हणाली, "काकाजी, मी उद्या नाही जात. मावशी नाही त मी नाही चढू शकत."

मी म्हटलं, "मले काय सांगते? मी काय पाळक हाय?" एवढं बोलून मी आत गेलो.

बुधवारी सकाळी दारात जीप वाजली. वस्ताद आतूनच ओरडले, "शिमोन, दोर दे बे! तुले नसन यायचं त नको येऊ." मागे पोरींमध्ये एस्तेर बसलेली, तोंड सुजलेलं. वस्तादांनी तिला एवढंच सांगितलं होतं, चढू नको, पोरींचे अंगठे पाहाले चाल.

मी पेटी उघडली, दोर काढला, जीपपाशी नेला. वस्तादांच्या मांडीवर ठेवला. मग विचार आला, गाठ कोण मारेल? वस्तादांना दिसत नाही. दोर परत उचलला आणि जीपमध्ये बसलो. शेजारचे पाहत होते. म्हणाले असतील बुढा चळला, बायको काल पुरली आणि आज खेळ पाहायला चालला.

अकोल्याला पोचलो. पंचांनी दोर तपासला. शिडीवर चढायचे माझे गुडघे नाहीत, पण चढलो. आकड्याला गाठ मारली. उतरलो. डोळे मिटून दोर तळहातातून काढला. कोरडा होता. सगळं बरोबर होतं आणि मला गरगरत होतं, कारण सोमवारपासून घास गळ्याखाली गेला नव्हता.

आमच्या पोरी एकेक झाल्या. एस्तेरचं नाव पुकारलं. ती उठली नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. ती उठून माझ्याजवळ आली.

"काकाजी, तुमी प्रार्थना करा."

"मले येत नाही वं."

"थोडीशी."

"थोडीशी बी येत नाही. चाळीस वर्षं तिनंच केली. तू कर."

पंच पाहून राहिले होते. तिने माझा हात धरला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "प्रभू, मावशीसाठी आभार. काकाजीनं परवापासून काही खाल्लं नाही. त्याइच्या गळ्याखाली घास जाऊ दे. मी वर जाऊन येतो. आमेन."

स्वतःसाठी काही मागितलं नाही. मला ते कळायला वेळ लागला, तोवर ती दोरापाशी पोचली होती. दोराला हात लावला, मान वर करून आकडा पाहिला. खाली कोणी उभं नव्हतं.

वस्ताद माझी बाही ओढू लागले. "गेली का?"

"चालली."

"पाय?"

"धरला. उजवा. आता डावा."

"कुठवर गेली?"

"वर."

"वर म्हणजे कुठं बे? नीट सांग!"

"पार वर. वेढा घेतला. आता हात सोडते."

"सोडला?"

"सोडला. बसली, वस्ताद. मांडी घालून बसली, हात जोडून."

"मंग तू रडतं काहून?"

"तुमाले त दिसत नाही म्हणता."

"ऐकू येते ना लेका."

तिचा दुसरा नंबर आला. पहिली अकोल्याचीच एक पोरगी आली आणि ती आमच्या पोरीपेक्षा चांगली होती, खोटं काहून बोलू. एस्तेरने स्वतः जाऊन तिची पाठ थोपटली आणि ती डाव्या अंगठ्याची पकड कशी घेते ते विचारून आली.

पण ते सगळं दुपारचं. सकाळी ती दोरावरून उतरली, घामेजलेली, ती सरळ पोरींच्या पिशवीपाशी गेली आणि कोणाचा तरी डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. काही बोलली नाही, समोर बसली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली, जसा काही मी दोरावर आणि ती पंच.

मी एक तुकडा मोडला. चावला. गिळला. गेला. दुसरा मोडला. ठेचा इतका तिखट होता की नाक वाहू लागलं. भाकर संपली, कांदा संपला, डब्याच्या कडेचा ठेचा मी बोटाने पुसून घेतला.

मग एस्तेरला विचारलं, "आनखी हाय का?"